सहीपुरती जागा

मावशींनी चोवीस कागद एकावर एक ठेवले, प्रत्येक कागद खालच्यापेक्षा बोटभर वर सरकवला आणि डाव्या काठाला दोन मोठे चिमटे लावले. टेबलावर कागदांचा जिना तयार झाला. प्रत्येक पायरीवर फक्त सहीची जागा दिसत होती. बाकीचा मजकूर वरच्या कागदाखाली झाकलेला. सगळ्यात वरचा कागद तेवढा पूर्ण दिसायचा, म्हणून तिथे एखादं अभिनंदनाचं पत्र ठेवायचं असा नानांचा दंडक होता. सही करणाऱ्याचं मन सुरुवातीला प्रसन्न असावं, म्हणे.

नाना म्हणजे आमदारबाईंचे स्वीय सहायक. आधीच्या तीन आमदारांकडे नोकरी करून ते या चौथ्या आमदारांकडे आले होते, आणि कागदांचा जिना ही त्यांची या कार्यालयाला मोठी देणगी होती. पूर्वी सह्यांना तास लागायचा. आता चार मिनिटं.

आमदारबाई आल्या त्या फोनवर बोलतच. खांदा उंच करून फोन कानाशी दाबून धरला, पेन उघडलं आणि जिना उतरायला लागल्या.

"यात काही विशेष?" फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

"काही नाही मॅडम. नेहमीचंच."

मावशी दाराशी उभ्या होत्या. सतराव्या पायरीवर पेन टेकलं आणि उचललं गेलं, ते त्यांनी पाहिलं. तो कागद त्यांनीच सकाळी टाईप केला होता. इमारतीच्या सुरक्षा विभागाच्या सूचनेनुसार या कार्यालयातील प्रत्येक कर्मचाऱ्याने पोलीस ठाण्याचा चारित्र्य दाखला शुक्रवारपर्यंत सादर करावा. दाखल्यात शिक्षेची नोंद आढळल्यास सेवा समाप्त समजण्यात येईल. खाली, सहीपुरती जागा.

त्याच सकाळी, त्याच्या आधी, मावशींनी विधेयकाचं कलम अकरा टाईप केलं होतं. शिक्षा भोगून सुटल्याला सात वर्षं झाली असतील, तर त्या माणसाला कामावर घेताना कोणीही मागचं विचारू नये, असं ते कलम. आमदारबाई दोन वर्षं त्यासाठी जिवाचं रान करत होत्या. एका माणसाच्या हाताखाली एकाच सकाळी हे दोन कागद तयार झाले आणि कार्यालयात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते एकट्या मावशींना, कारण त्या सात वर्षं तुरुंगात होत्या.

आमदारबाई ढोंगी होत्या असा याचा अर्थ कुणी काढू नये. महिन्यातून दोनदा त्या तुरुंगात जाऊन येत. कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला उभाच न राहिल्यामुळे वर्षानुवर्षं आत पडून असलेल्यांची, यादी त्यांना तोंडपाठ होती. कैद्यांची पत्रं त्या स्वतः वाचत, एकही नानांना उघडू देत नसत. राजकारणात येण्याआधी त्या शाळेत शिकवायच्या. कागद शेवटपर्यंत वाचून झाला की वरच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने एक ठिपका द्यायची सवय तेव्हापासूनची. तुरुंगातून आलेल्या प्रत्येक पत्रावर तो ठिपका असे. भाषणाच्या मसुद्यांवर असे. जिन्यातल्या कागदांवर तो चार वर्षांत मावशींनी एकदाही पाहिला नव्हता. तिथे द्यायचा म्हटला तरी वरचा कोपरा हाताला लागायचा नाही.

संध्याकाळी घरी मावशींनी नोटिशीची प्रत बहिणीपुढे ठेवली. घर बहिणीचं. मावशी आत गेल्या तेव्हा लेक तीन वर्षांची होती, ती बहिणीने वाढवली. त्यामुळे लेक बहिणीला आई म्हणते आणि आईला मावशी. सुटून आल्यावर हे बदलायचा प्रयत्न दोघी बहिणींनी महिनाभर केला, मग सोडून दिला. पुढे कार्यालयातही सगळे मावशीच म्हणायला लागले, तेव्हा बहीण म्हणाली होती की चला, जगाची मावशी झालीस, एकदाची कटकट मिटली.

आता बहिणीने नोटीस दोनदा वाचली.

"तब्येतीचं कारण सांग आणि उद्याच राजीनामा दे," ती म्हणाली. "त्यांनी काढण्याआधी आपण निघालेलं बरं. मागच्या दोन ठिकाणी काय झालं, विसरलीस?"

मावशी विसरल्या नव्हत्या. पहिल्या ठिकाणी मालकाने निदान दाराआड सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी सगळ्यांसमोर त्यांची पिशवी तपासली. त्या नऊ वर्षांपूर्वीच्या गोष्टी. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि हाताला येत होतं ते एकच काम, तेही तुरुंगात शिकलेलं. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे बहिणीला सांगायची गरज नव्हती.

"सरळ सांगून टाक ना त्यांना," लेक म्हणाली. ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लगेच हवा असे. "त्या तर याच्यासाठीच भांडतायत."

"सभागृहात भांडणं वेगळं," बहीण म्हणाली, "आणि असं माणूस आपल्याच टेबलाशी बसलेलं असणं वेगळं."

मावशींनी नोटिशीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. त्यांना दोघींचंही पटलं होतं, हीच पंचाईत होती.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या पोलीस ठाण्यात गेल्या. खिडकीतल्या हवालदाराने नाव घातलं, जन्मतारीख घातली, आणि यंत्रातून कागद बाहेर आला. दिराला भांडणात धक्का दिला, तो ओट्याच्या कोपऱ्यावर आपटला, दोन दिवसांनी गेला. कागदावर यातलं काही नव्हतं. कलमाचा आकडा, साल, सात वर्षं. भांडण कशावरून झालं तेही अर्थात नव्हतं; ते मावशींनी न्यायालयातही सांगितलं नव्हतं.

हवालदाराने कागद वाचला, मग अर्जावरचा कार्यालयाचा पत्ता वाचला.

"आमदारांच्याच ऑफिसात?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

गुरुवारी नानांनी दाखले गोळा केले. ड्रायव्हरचा आला, शिपायाचा आला, दोन कारकुनांचे आले. प्रत्येकाची काही ना काही थट्टा झाली. ड्रायव्हरच्या दाखल्यावर काहीच निघालं नाही, याचं तर सगळ्यांना नवल वाटलं.

"मावशी, तुमचा?"

"उद्या देते."

"द्या सावकाश. तुमच्या दाखल्यात काय निघणार आहे डोंबल," नाना म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. माणूस वाईट नव्हता. मावशींना बोचलं ते त्यांचं हसणं नव्हे, त्यातला विश्वास.

दुपारी आमदारबाईंनी मावशींना आत बोलावलं. भाषणात बदल होते. बाई खिडकीशी उभ्या राहून सांगत होत्या आणि मावशी वहीत उतरवून घेत होत्या. मध्येच बाई थांबल्या.

"पक्षाचं म्हणणं आहे, अकरा सोडून द्या. बाकी दहा कलमं एकमताने करून देतो म्हणतात. कच्च्या कैद्यांची सगळी कलमं त्यात आली. तीन हजारांवर माणसं सुटतील." त्या खुर्चीत येऊन बसल्या. "अकरासाठी अडून बसले तर सगळंच घोडं अडेल, असं त्यांना वाटतं."

मावशींनी पेन थांबवलं. हे उतरवून घ्यायचं नव्हतं, एवढं त्यांना कळलं.

"तुम्ही सांगा मावशी. तुमच्या घरी कामाला कुणी येणार असेल, तर विचाराल की नाही, की बाई, आधी काय काय करून आलीस?"

मावशींनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर उत्तर सोपं होतं.

"विचारेन, मॅडम."

आमदारबाई हसल्या, दमल्यासारख्या. "बघा. तुम्हीसुद्धा."

"पण तिला कामावर घेऊन, चार दिवस तिचं काम बघून मग विचारेन," मावशी म्हणाल्या. "आणि विचारलं तर बसून ऐकेन. उभ्याउभ्या नाही."

बाईंनी मान हलवली. मग फोन वाजला आणि भाषणाचं शेवटचं पान तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी मावशी तासभर आधी आल्या. त्यांनी एक कागद टाईप केला. सदर कर्मचाऱ्याच्या दाखल्यात जुन्या शिक्षेची नोंद आहे. शिक्षा पूर्ण होऊन पंधरा वर्षे झाली. कार्यालयातील चार वर्षांची सेवा समाधानकारक असल्याने त्यांना कामावर ठेवण्यास हरकत नाही. मागे दाखला टाचला आणि खाली सहीपुरती जागा सोडली. मग त्यांनी त्या दिवशीचा जिना रचला आणि हा कागद एकोणिसाव्या पायरीवर घातला.

त्यांना लाज वाटत होती. चार वर्षांत टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती, आणि आज त्या फसवणूक करत होत्या, तीही जिच्याबद्दल त्यांना खरोखर माया होती अशा बाईची. पण चिमटे सरळ लागले.

सभागृहाची पहिली घंटा झाली तेव्हा आमदारबाई आल्या. नाना बाहेर एका शिष्टमंडळाची समजूत घालत होते. बाईंनी उभ्यानेच पेन उघडलं. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. एकोणिसाव्यावर सही झाली आणि पेन पुढे गेलं.

झालं होतं. आता सुरक्षा विभाग काहीही म्हणो, कागदावर आमदारांची सही होती. मावशींचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. उलट त्यांना वाईट वाटलं. आपल्याला ही सही नको होती, हे त्यांना सही झाल्यावर कळलं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मावशी पुढे झाल्या, चिमटे काढले आणि एकोणिसावा कागद बाहेर ओढून त्यांच्यासमोर ठेवला.

"मॅडम, हा वाचा."

"झाली की सही."

"हो. पण वाचला नाहीत."

आमदारबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग मावशींकडे. चष्मा लावला. कागद वाचला, उलटून मागचा दाखला वाचला, पुन्हा कागद वाचला. वाचता वाचता त्या खुर्चीत बसल्या.

"चार वर्षं तुम्ही इथे आहात."

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. ते मला बरं वाटायचं." मावशींनी पिशवीतून घडी घातलेली नोटीस काढली आणि उलगडून दाखल्याशेजारी ठेवली. "मंगळवारी विचारलंत."

"मी?"

त्यांनी नोटीस वाचली. ती पाच ओळींची होती, पण त्यांना बराच वेळ लागला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्या थांबल्या. त्यांच्या बोटाखाली सेवा समाप्त समजण्यात येईल एवढं होतं आणि त्याखाली त्यांची वळणदार सही.

दुसरी घंटा झाली. नाना दारात आले, "मॅडम, सुरू होतंय," म्हणाले आणि दोघींचे चेहरे बघून तिथेच थबकले. आमदारबाई उठल्या. दोन्ही कागद त्यांनी हातात घेतले आणि गेल्या. टाईप केलेलं भाषण टेबलावरच राहिलं. नाना ते घेऊन मागे धावले आणि पाच मिनिटांनी तसेच परत आले.

"नको म्हणाल्या," ते म्हणाले.

सभागृहात काय चाललंय ते ऐकू यावं म्हणून कार्यालयात भिंतीवर एक खोका होता. एरवी तो नुसता खरखरत असे. त्या दुपारी सगळ्यांनी त्याखाली खुर्च्या ओढल्या. मावशी आपल्या टेबलाशीच बसल्या.

"अकरावं कलम मागे घ्यावं, असा मला सल्ला आहे," आमदारबाईंचा आवाज आला. "त्याआधी मला एक नोटीस वाचून दाखवायची आहे. मंगळवारी ती एका कार्यालयातून निघाली." त्यांनी पाच ओळी सावकाश वाचल्या. "ते कार्यालय माझं आहे. खाली सही आहे ती माझी. मी ती वाचली नव्हती. हे कलम मी दोन वर्षं लिहीत होते, आणि माझ्याच हाताखाली त्याच्या उलट कागद निघाला. कुणाच्या मनात आकस नव्हता. असं सहज होतं, म्हणूनच कायदा लागतो. मी अकरा मागे घेत नाही. त्याच्यावर वेगळं मतदान घ्या."

त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. खोक्यातून गलका ऐकू आला. कारकून एकमेकांकडे बघू लागले. ड्रायव्हर म्हणाला, "पण निघालं कुणाच्या दाखल्यात?" आणि नानांनी त्याला हाताने गप्प केलं. ते मावशींकडे बघत नव्हते, आणि त्यावरूनच मावशींना कळलं की त्यांना कळलं.

दहा कलमं मंजूर झाली. अकरावं नऊ मतांनी पडलं.

माणसं पांगल्यावर नाना मावशींच्या टेबलाशी आले. पेपरवेट उचलला, पुन्हा ठेवला.

"तीन हजारांवर माणसं सुटणार, मावशी."

"चांगलं झालं."

"ती नोटिशीतली शेवटची ओळ," नाना म्हणाले. "सुरक्षावाल्यांनी फक्त दाखले मागितले होते. ती ओळ माझ्या जुन्या मसुद्यात होती. पंचवीस वर्षं उतरवतोय. तशीच उतरवली."

"माहीत आहे. मीच टाईप केली."

नानांनी पेपरवेट कागदांवर सरकवला. मग, उद्या शनिवार, परवा रविवार, आता सोमवारी बघू, असं काहीबाही पुटपुटून गेले.

सोमवारी फाटकावरच्या रखवालदाराने मावशींना थांबवलं. चार वर्षं तो त्यांना रोज नमस्कार करत आला होता. आजही त्याने आधी नमस्कार केला.

"मावशी, नव्या यादीत तुमचं नाव नाहीये. शुक्रवारपर्यंत दाखला पोचला नाही म्हणून सुरक्षा विभागाने पास रद्द केलाय." तो यादीत डोकं खुपसून बोलत होता. "मला सोडता नाही यायचं."

"तुमचा काय दोष," मावशी म्हणाल्या.

फाटकालगत बाहेरून येणाऱ्यांसाठी एक बाक होता. त्या तिथे बसल्या. परत घरी जायला हवं होतं, पण टेबलाच्या खणात चष्मा राहिला होता, तो कुणी आणून देईपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं. वाट बघत बसणं त्यांना चांगलं जमत असे. समोर खिडकीशी अर्जदारांची रांग होती. प्रत्येकाला चिठ्ठी भरावी लागत होती: नाव, कुणाला भेटायचं, भेटीचं कारण. तुरुंगाच्या खिडकीशीही अशीच चिठ्ठी असायची. बहीण दर पंधरवड्याला ती भरून आत यायची, लेकीला कडेवर घेऊन.

दहा वाजून दहा मिनिटांनी आमदारबाईंची गाडी आत आली, थोडी पुढे गेली आणि थांबली. बाई उतरून चालत मागे आल्या. रखवालदाराने त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"बाहेरच्या माणसाला आत यायला काय लागतं?"

"सदस्याची चिठ्ठी, मॅडम. सदस्याने स्वतः इथे येऊन भरायची. एका दिवसापुरती चालते."

"दाखला?"

"चिठ्ठीला दाखला नाही लागत."

"द्या एक."

"आजच्यापुरती होईल, मॅडम. उद्या पुन्हा यावं लागेल तुम्हाला. रोज."

"रोज येईन," आमदारबाई म्हणाल्या.

चिठ्ठी घेऊन त्या बाकावर मावशींच्या शेजारी बसल्या, पर्स मांडीवर आडवी घेतली आणि त्यावर कागद ठेवून लिहू लागल्या. मावशी बाजूला सरकल्या. बाईंनी त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं. चार वर्षांत ते त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं. कुणाला भेटायचं, तिथे स्वतःचं नाव घातलं. भेटीचं कारण या रकान्यापाशी पेन जरा घुटमळलं, मग त्यांनी लिहिलं: काम.

"मावशी," त्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "ते चिमटे काढून टाका. मी एकेक कागद बघणार आहे. नाना कुरकुर करतील."

"वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे."

रांगेतली दोन माणसं त्यांच्याकडे बघत होती. आमदारबाईंनी सही केली, पण चिठ्ठी लगेच दिली नाही. पुन्हा वरपासून वाचली. मग मावशींच्या हातात ठेवली आणि गाडीकडे न जाता पायीच कार्यालयाच्या दिशेने निघाल्या.

मावशींनी चिठ्ठी रखवालदाराला दाखवली. त्याने शिक्का मारून परत दिली. तेव्हा त्यांचं लक्ष वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे पेनाचा एक ठिपका होता. शाई अजून ओली होती, म्हणून घडी न घालता त्यांनी चिठ्ठी तशीच हातात धरली आणि आत गेल्या.